सीलंट मारूनही व्हॅनचं छत पहाटे ठिबकतं? हिवाळ्यातल्या पहिल्या सफरीचा नेहमीचा त्रास

तक्रार जवळपास प्रत्येकाची एकाच साच्यातली असते. पावसाळाभर काम चालून दिवाळीनंतर आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय केलेली व्हॅन तयार होते. पहिली सफर वाई, महाबळेश्वर, तापोळा, बामणोली अशी ठरते, आणि पहिल्याच पहाटे कपाळावर टप्पकन थेंब पडतो. छताला हात लावावा तर ओलंगच्च. काचा आतून पांढऱ्या. रजईची वरची बाजू दमट, आणि गादी उचलली तर खालचं प्लायवूड काळपट. सांगलीला परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडं जाते. तो टपावरच्या सगळ्या सांध्यांवर सीलंट फिरवतो, पैसे घेतो, आणि पुढच्या शनिवारी वेण्णा तलावाजवळ पुन्हा तेच रामायण. आजार रेड्याला नि डाग पखालीला, असा हा प्रकार.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पाऊस नसतो. एखादा अवकाळी शिडकावा सोडला तर आभाळ कोरडं. मग टप फुटका असला तरी वरून गळायला पाणी कुठलं? ते पाणी आतलंच असतं. गाडीत झोपलेल्या माणसांच्या श्वासातलं, चुलीवरच्या चहातलं, ओल्या टॉवेलमधलं. गाडी जितकी घट्ट बंद कराल तितकं ते जास्त साचतं. म्हणूनच भोकं बुजवत गेलं की त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो, आणि माणूस चक्रावून जातो.

गळती की बाष्प, हे आधी ठरवा

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे एक रात्र गाडी रिकामी ठेवायची. जागा तीच, दारं-खिडक्या तशाच बंद, फक्त माणसं बाहेर तंबूत किंवा होमस्टेच्या खोलीत. सकाळी छत कोरडं निघालं तर चौकशी संपली, पाणी तुमचंच होतं.

ते जमत नसेल तर छताच्या ठिबकणाऱ्या जागेवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. सकाळी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ते बाष्प. पाणी प्लास्टिकच्या मागं, पत्र्याच्या बाजूला साठलेलं दिसलं तर गळतीचा संशय घ्यायला जागा आहे. मग दुपारी आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा आणि टपावर दहा मिनिटं नळीनं पाणी सोडा.

नजरेनंही बरंच कळतं. गळतीचं पाणी एका ठिकाणाहून येतं, मळकट असतं आणि मागं डाग ठेवतं. बाष्पाचं पाणी स्वच्छ असतं. ते छतभर पसरलेलं असतं आणि लोखंडी पट्ट्यांच्या ओळीवर, स्क्रूच्या टोकांवर आणि झोपणाऱ्यांच्या डोक्याच्या बाजूला जास्त दिसतं.

यात एक फसवा प्रकार आहे, तो लक्षात ठेवा. शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) किंवा धोम धरणाच्या पाण्याच्या कडेला रात्री टपावर बाहेरून इतकं दव पडतं की पन्हाळीतून ओघळ लागतो. कॅरिअरच्या बोल्टचं वॉशर सैल असेल तर पाऊस नसतानाही तिथून खरी गळती होते. एकच बोल्ट, एकच जागा, आणि थेंब पहाटे तीन-चारनंतर सुरू होत असेल तर तो बोल्ट बघा. बाकीच्या सांध्यांना हात लावू नका.

हे पाणी येतं किती?

झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. दोघं असाल तर अर्धा लिटर धरा. आता व्हॅनच्या आतली हवा बघू. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत कपाटं-पलंग बसवल्यावर उरते ती जेमतेम १० घनमीटर. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प धरते, म्हणजे सगळी गाडी मिळून १७० ग्रॅम. ८ अंशांना हीच धारणशक्ती सव्वाआठ ग्रॅमवर येते, म्हणजे गाडीभर ८० ग्रॅमच्या आसपास. दोन माणसांचं अर्धा लिटर पाणी त्या हवेत मावणारच नाही. ते सगळ्यात गार पृष्ठभाग शोधतं. व्हॅनमध्ये तो म्हणजे काच आणि छताचा पत्रा. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की खाली पाणी लोंबतं, तेच इथं होतं. फरक इतकाच की पातेल्यात तुम्ही असता.

ईको किंवा ओम्नीवाल्यांची हवा याच्या निम्मीसुद्धा नसते, त्यामुळं त्यांच्याकडं तासाभरातच काचा पांढऱ्या होतात.

यात स्वयंपाकाची भर. एक किलो एलपीजी जळला की जवळजवळ १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सिलिंडर कोरडा दिसतो म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही. अर्धा तास शेगडी चालली, ६०-७० ग्रॅम गॅस गेला, तर शंभर मिली पाणी नुसतं ज्योतीतून. पातेल्यातून उडालं ते वेगळं. रात्री आत खिचडी शिजवून, तोच ऊबदारपणा टिकावा म्हणून दारं लावून झोपणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि सकाळी सगळ्यात जास्त चिंब त्यांचीच गाडी असते. स्वयंपाक बाहेर करा. मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला शेगडी मांडली तर वाराही अडतो आणि वाफही बाहेर राहते. बाहेर अगदीच शक्य नसेल तर शेगडी चालू असेतो आणि बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं समोरासमोरची दोन दारं उघडी हवीत.

ओले टॉवेल, तलावात भिजलेली पॅन्ट, मुलांचे दवानं भिजलेले बूट हे सगळं रात्री बाहेर किंवा ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, मधे पडदा ओढून. वाळत घातलेला एक जाड टॉवेल म्हणजे गाडीत आणखी एक माणूस झोपवल्यासारखं आहे. सिलिका जेलच्या पिशव्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरतं. अर्ध्या लिटरला दीड-दोन किलो जेल लागेल, तेही रोज तापवून कोरडं करून. कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवा, तिथं ते शोभतं.

"बाहेर धुकं आहे, खिडकी कशी उघडू?"

हा प्रश्न सातारा-वाईकडच्या माणसांचा हमखास असतो. पसरणीच्या घाटातून सकाळी खाली बघितलं तर कित्येकदा सगळी वाई धुक्यात बुडालेली असते. मग माणसाला वाटतं, खिडकी उघडली तर हे सगळं आत येणार.

पण गार हवा कितीही दमट असली तरी तिच्यात पाणी थोडंच असतं. ८ अंशांची, धुक्यानं पूर्ण भरलेली हवा घनमीटरला सव्वाआठ ग्रॅम बाष्प आणते. ती गाडीत येऊन तुमच्या अंगच्या उबेनं १६ अंशांना पोचली की तिची धारणशक्ती साडेतेराच्या वर जाते, आणि तिची आर्द्रता १०० टक्क्यांवरून ६० च्या आसपास उतरते. म्हणजे बाहेरची धुक्याची हवा आत आल्यावर कोरडी वागते. आतली शिळी हवा मात्र खरंच ओली असते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे गणित चालत नाही, कारण तिथं बाहेरची हवा उबदार आणि ओली अशी दोन्ही असते. हिवाळ्यात घाटावर चालतं.

दुसरी शंका थंडीची. दोन माणसांचं बाष्प बाहेर काढायला तासाला साधारण २५ घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजे वर धरलेल्या गाडीची अडीच वेळा. एवढी हवा ८ अंशांनी गरम करायला ६५-७० वॉट लागतात. झोपलेल्या एका माणसाच्या अंगातून जवळपास तेवढी उष्णता निघतच असते. तेव्हा दोन बोटं खिडकी उघडली म्हणून कुणी गारठून जात नाही. नाक गार पडतं, तेवढ्यापुरती कानटोपी आणि एक वाकळ जास्त.

हवेला वाट कशी द्यायची

एकच खिडकी पूर्ण उघडून उपयोग होत नाही. हवा तिथल्या तिथं घुटमळते. दोन वाटा हव्यात, एक खाली आणि एक वर, आणि त्या जितक्या लांब तितकं चांगलं. उबदार ओली हवा वर चढते, तिला वरून बाहेर काढायचं. कोरडी हवा खालून, पायांच्या बाजूनं आत घ्यायची. डोक्याजवळून आत घेतली तर मान आखडते आणि सकाळी बायको-मुलं मिळून तुम्हाला बोल लावतात.

छताला झडप असेल तर उत्तम. नसेल तर लगेच टप कापायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदणीत आणि रचनेत फरक पडेल असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि कापलेल्या टपावरून विम्याच्या वेळी वाद निघतो तो वेगळाच. आधी आहे त्यात भागतं का बघा. पुढच्या दोन्ही दारांच्या काचांवर पावसाचे व्हायझर लावून घ्या. त्यांच्या आडून काच दोन बोटं खाली केली तरी बाहेरून दिसत नाही, दव आत येत नाही, कुणाचा हात घुसत नाही. मागच्या बाजूची सरकती काच वर जाळी लावून थोडी उघडी ठेवा. महाबळेश्वरात माकडांसाठीसुद्धा जाळी लागते. उघड्या फटीतून बिस्किटाचा पुडा जाताना बघितलेला माणूस ती पुन्हा विसरत नाही.

वारा असेल तर एवढ्यावर काम होतं. अडचण येते ती वारा पडलेल्या रात्री, आणि नेमक्या त्याच रात्री दव जास्त असतं. त्यासाठी १२ व्होल्टचा, कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा पंखा पुरतो. मागच्या काचेच्या फटीच्या मापाची प्लायवूडची किंवा कोरुगेटेड प्लास्टिकची पट्टी कापा, तिच्यात पंखा बसवा, तोंड बाहेरच्या दिशेला. वर्तमानपत्राचा कपटा पंख्याजवळ धरा. तो पंख्याकडं ओढला गेला तर दिशा बरोबर. असा पंखा ०.२ अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांत दीड-दोन अँपियर-तास. मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावण्यासारखाच खर्च. बॅटरी बसेल ही भीती अनाठायी आहे. फक्त तो गाडीतल्या दिवे-पंख्यांसाठीच्या वेगळ्या बॅटरीवर, फ्यूज टाकून जोडा. इंजिनाच्या बॅटरीवर नको.

आवाजाची तक्रार असते ती बहुतेक पंख्याची नसते, पट्टी थरथरते त्याची असते. मधे रबराची चकती घाला.

सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतं, आणि त्याच्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार होतो. झोपताना आणि पहाटे आकडा बघा. ६५ च्या आत राहिला तर छत सहसा कोरडं राहतं. ७५ च्या वर गेला तर फट वाढवा. एक उदाहरण: आत १८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर साडेबारा अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणार. डिसेंबरात महाबळेश्वरी उघडा पत्रा साडेबारा अंशांच्या खाली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

ऊब हवी म्हणून आत काहीही पेटवू नका

इथं मी जरा कडक बोलणार आहे. कोळशाची शेगडी विझत आली, धूर नाही, नुसते निखारे आहेत म्हणून ती गाडीत घेणं हे जिवावरचं काम आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. गॅसची शेगडी ऊब म्हणून चालू ठेवणं, गॅसवर चालणारा हीटर, इंजिन चालू ठेवून झोपणं, हे सगळं त्याच यादीत. ‘थोडी फट ठेवली होती’ यानं संरक्षण मिळत नाही. वर सांगितलेली फट बाष्पासाठी आहे, धुरासाठी नाही. गाडीत स्वयंपाक होत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

डिझेल हीटरची गोष्ट वेगळी. त्याचं जळण बंद पेटीत होतं, धूर नळीनं गाडीबाहेर जातो आणि आत फक्त कोरडी गरम हवा येते. नीट बसवला तर ओलीवर तो फार गुणकारी आहे. पण सातारा-सांगलीच्या थंडीसाठी एवढा खर्च करावा असं मला वाटत नाही. आपल्याकडची थंडी दोन रजया आणि गरम पाण्याच्या पिशवीच्या आवाक्यातली आहे. लडाख-स्पितीचा बेत असेल तेव्हा विचार करा.

गाडी कुठं लावता, यावर निम्मा खेळ

वेण्णा तलावाच्या परिसरात हिमकण पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि फोटो असतात ते गाड्यांच्या टपांचे, स्ट्रॉबेरीच्या पानांचे, बोटींच्या धक्क्याचे. हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वर असू शकतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघडा पत्रा आपली उष्णता थेट आभाळाकडं फेकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतो. त्यात गार हवा जड असल्यामुळं खोलगट जागेत उतरून साचते. म्हणून बाजारपेठेत सोसवेल अशी थंडी असते आणि तलावाकाठी पाना-पत्र्यावर बर्फाची साय धरते. पहिल्या सफरीला तलावाकाठची जागा फोटोला छान आणि झोपायला वाईट.

यावरून जागा निवडायचे ठोकताळे बनतात. पाण्यालगत आणि दरीच्या तळाशी नको. उताराच्या मध्यावर, थोडी हवा खेळेल अशा जागी गाडी लावा. बामणोली-तापोळ्याला मुक्काम असेल तर धक्क्यावर न थांबता गावाच्या वरच्या अंगाला एखाद्या घराच्या अंगणात विचारून थांबा. लोक नाही म्हणत नाहीत, आणि ‘काका, रात्रीपुरती गाडी लावू का?’ म्हणून सुरुवात केली तर सकाळचा चहाही मिळतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वारा टोचतो, गाडी हलते, पण वाऱ्यामुळं पत्रा हवेपेक्षा गार होत नाही आणि सकाळी छत कोरडं मिळतं. कास पठारावर किंवा कोयना-चांदोलीच्या जंगलपट्ट्यात रस्त्याकडेला रात्र काढायचा विचार सोडा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तिथं वनखात्याचे नियम आहेत आणि ते पाळायचे असतात.

आमच्या सांगलीकडं दोन हवामानं आहेत. कृष्णाकाठ म्हणजे औदुंबर, हरिपूर, पलूसची उसाची रानं. पाणी पाजलेल्या उसातून पहाटे जी ओल उठते तिच्यापुढं तलाव बरा. पण तासाभराच्या अंतरावर दंडोबाच्या डोंगराकडं किंवा पुढं कवठेमहांकाळ-जतच्या माळावर गेलात तर तीच गाडी, तीच माणसं, तेवढीच थंडी, आणि काचा बऱ्याच कोरड्या. व्हॅन नवी असेल तर पहिली रात्र तिकडं काढून बघा. गाडीची सवय होते आणि ओलीचा त्रास शिकण्याइतपतच राहतो.

झाडाखाली गाडी लावणं हा सगळ्यात फुकटचा उपाय. वरच्या फांद्या पत्रा आणि आभाळ यांच्या मधे येतात, पत्रा कमी गार होतो. टपावर सोलर पॅनेल थोडं उचलून बसवलेलं असेल तर नीट बघा, बरोबर त्याच्या खालचा छताचा भाग बाकीच्यापेक्षा कोरडा असतो; कारण हेच. झाड नसेल तर टपावर चार बोटं उंच ताडपत्री ताणा, पत्र्याला चिकटू देऊ नका. आणि झाडाखाली थांबण्याआधी वर टॉर्च मारा. आग्या मोहोळ असेल तर दुसरं झाड शोधा, विशेषतः खाली चूल पेटवणार असाल तर.

पत्रा, फोम आणि गादी

हवेची वाट झाल्यावरही काही जागा ओल्या राहतात. तिथं प्रश्न बांधणीचा असतो.

बऱ्याच गाड्यांत छताच्या पोकळीत काचलोकर किंवा थर्माकोल भरून वर प्लाय ठोकलेलं असतं. बाष्प प्लायच्या फटीतून आत शिरतं, गार पत्र्याला लागून पाणी होतं, काचलोकर ते पिऊन बसते, आणि मार्चमध्ये गाडीला कुबट वास सुटतो. त्यापेक्षा एसीच्या डक्टला लावतात ती नायट्रिल रबराची शीट घ्या. तिची छिद्रं बंद असतात, पाणी शोषत नाही. पत्रा थिनरनं पुसून, मधे हवा न ठेवता चिकटवायची आणि जोडांवर फॉइल टेप. पत्र्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवरही पातळ शीट लावायला मिस्त्रीला बजावून सांगा. तो म्हणेल, ‘मालक, पट्टीवर कशाला, मधे लावलंय की!’ पण छताचं पाणी ठिबकतं ते त्याच उघड्या पट्टीवरून. प्लाय पकडणारे स्क्रू थेट पत्र्याच्या पट्टीत गेले असतील तर प्रत्येक स्क्रूच्या टोकाला थेंब दिसेल; त्यावर प्लास्टिकच्या टोप्या बसतात.

काचांना बबल फॉइल मापात कापून आतून लावतातच. त्याच्या कडा सैल असतील तर काच आणखी गार होते, मागं बाष्प जातं, आणि सकाळी फॉइल काढल्यावर पाणी मांडीवर येतं. कडा घट्ट बसवा, आणि ज्या फटीतून हवा खेळवायची ती मात्र झाकू नका.

गादीखालचं पाणी हा वेगळाच विषय आहे. अंगाची ऊब आणि घाम फोमातून खाली उतरतो आणि गार प्लायला लागून थांबतो. पलंगाच्या प्लायला हात-हात अंतरावर दोन-अडीच इंची भोकं पाडा आणि गादीखाली काथ्याची चटई घाला, म्हणजे खाली हवा खेळते. प्लायखाली पाण्याचे कॅन किंवा सामानाची गच्च पेटी असेल तर भोकांचा उपयोग नाही. थोडी मोकळी जागा सोडा. रोज सकाळी गादी उभी करायची, अर्धा तास. एवढं केलं तरी काळी बुरशी धरत नाही. धरली असेल तर साबणाच्या पाण्यानं पुसून कडक उन्हात.

सकाळी निघताना

काचा आणि छत मायक्रोफायबर फडक्यानं पुसा आणि ते फडकं बाहेर पिळा. आतच सीटवर टाकलं तर तेच पाणी पुन्हा हवेत येतं. पुढची काच हातानं पुसू नका; तेलकट ओघळ राहतात आणि समोरच्या दिव्यात काच चमकते. इंजिन चालू झाल्यावर बाहेरची हवा आत घेण्याचं बटण, एसी चालू आणि तापमान गरम बाजूला. एसी हवेतलं पाणी काढतो, गरम हवा काच कोरडी करते. आतलीच हवा फिरवायचं बटण चालू राहिलं तर रात्रभराची ओल पुन्हा काचेवर बसते.

आणि काच स्वच्छ झाली तरी कऱ्हाड-इस्लामपूर-सांगली पट्ट्यात धुक्यात घाईनं निघू नका. गाळप हंगाम चालू असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि सगळ्यांच्या मागं दिवा किंवा रेडियम असतंच असं नाही. ऊन येईपर्यंत थांबा, तेवढ्यात गादीही वाळते.

एवढं करूनही ओल येत असेल तर

मीटरचा आकडा रात्री ६५ च्या आत आहे, तरी ओल आहे, अशा वेळी लपलेलं पाणी शोधा. सिंकखालच्या टाकीचं झाकण सैल असतं. पंपाच्या जोडातून थेंब झिरपतो. रबरी मॅटखालचं कार्पेट पावसाळ्यापासून ओलं असतं आणि वरून हाताला कोरडं लागतं. कोपरा उचलून खाली कागदी रुमाल दाबून बघा. दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलानं बुजली की दारात पाणी साठतं. दार जोरात हलवल्यावर खळखळ ऐकू आली तर तार घालून भोकं मोकळी करा.

फक्त एका बाजूची भिंत ओली राहत असेल तर त्या बाजूचं कपाट पत्र्याला चिकटलेलं आहे का बघा. मागं बोटभर जागा आणि वर-खाली दोन जाळ्या दिल्या की सुटतं.

सफरीहून आल्यावर गाडी लगेच प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकू नका. आठवडाभराची ओल आत कोंडून ती पुढच्या शनिवारपर्यंत फोमात मुरते. गादी, रजया, पडदे गच्चीवर, आणि दुपारच्या उन्हात गाडीची सगळी दारं दोन-तीन तास सताड उघडी. धुळीमुळं झाकायचीच असेल तर सुती कव्हर घाला, आणि आत काचा बोटभर खाली.